बदलाच्या वावटळीत खान्देशचा तग

जळगाव / धुळे : जागतिकीकरण हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत १९९१ नंतर रुळला. त्याचा अनुभव मात्र खान्देशला त्याच्या सव्वाशे वर्षे आधीच आला होता. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेनासा झाला आणि तापी-गिरणेच्या खोऱ्यातील कापसाला कधी नव्हे असा भाव आला. त्याच दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग चाळीसगाव, जळगाव करीत भुसावळला पोहोचला. १८६५ मध्ये युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात येऊ लागला आणि भाव कोसळले. ज्या युद्धाचे नावही शेतकऱ्याच्या कानी पडले नव्हते, त्याने त्याच्या घरचा हिशेब दोनदा बदलून टाकला.

आज हिशेब बदलण्याची गती कितीतरी वाढली आहे. पश्चिम आशियात तणाव वाढला की रावेर-सावद्याच्या निर्यातक्षम केळीचा व्यापारी धास्तावतो. जगातील गुंतवणूकदार अस्वस्थ झाले की 'सुवर्णनगरी' जळगावच्या सराफ बाजारात लग्नघरांचे अंदाजपत्रक कोलमडते. एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याचा भाव प्रथमच एक लाख रुपयांवर गेला, तेव्हा हे सर्वांनीच अनुभवले. शेतीत राहावे की पुणे, नाशिक, सुरत गाठावे, हा प्रश्न आता जवळजवळ प्रत्येक घरात आहे. अशा काळात माणसे कशाच्या आधारावर उभी राहतात? खान्देशच्या गेल्या काही पिढ्यांचा अनुभव पाहिला, तर या प्रश्नाची काही ठोस उत्तरे हाती लागतात. त्यात यश आहे, अपयश आहे आणि अजून न सुटलेली कोडीही आहेत.

टंचाई वाटून घेण्याची रीत

१९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग होण्यापूर्वी खान्देश हा एकच जिल्हा होता व धुळे हे त्याचे मुख्यालय होते. पूर्व खान्देशचा पुढे जळगाव जिल्हा झाला, पश्चिम खान्देशचा धुळे आणि त्यातूनच १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा झाला. सीमा बदलल्या तरी या मुलखाचा मूळ प्रश्न एकच राहिला, तो पाण्याचा.

त्यावरील सर्वांत जुने लोकउत्तर म्हणजे धुळे जिल्ह्यातील पांझरा आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील मोसम, आरम या नद्यांवरील फड पद्धती. तीन-चारशे वर्षांपासून चालत आलेली ही व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. नदीवर लहान बंधारा घालून पाणी पाटात वळवायचे. पाटाखालच्या जमिनीचे तीन किंवा चार मोठे भाग, म्हणजे फड, पाडायचे. एका फडात एका हंगामात एकच पीक. एकात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात भुसार धान्य. पुढच्या वर्षी अदलाबदल. शेतकऱ्याने आपल्या शेताला स्वतः पाणी द्यायचे नाही, ते काम पाटकऱ्याचे. पिकाची राखण जागल्याकडे आणि सर्व कारभारावर गावाने निवडलेल्या पंचांची देखरेख. या सेवकांचा मोबदला पूर्वी धान्याच्या रूपात दिला जाई.

या रचनेतील मर्म जमिनीच्या वाटणीत आहे. बहुतेक शेतकऱ्यांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असे. पाऊस कमी झाला की पंच एखादा फड कोरडा ठेवण्याचा निर्णय घेत. तो कोरडा राहिला तरी कोणा एकाचे सर्वस्व जात नसे आणि भिजलेल्या फडात प्रत्येकाचा वाटा असे. टंचाई सर्वांवर सारखी वाटली गेल्यामुळे पाण्यावरून डोकी फुटण्याचे प्रसंग कमी येत. संकट टळत नसे. पण त्याचा भार एकाच घरावर पडत नसे, हे महत्त्वाचे.

१८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेले तरुण अभियंता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक याच पांझरेच्या खोऱ्यात, धुळ्याजवळ झाले होते. पुढे जगन्मान्य झालेल्या या अभियंत्याच्या उमेदवारीच्या काळात लोकांनी चालविलेली ही व्यवस्था तेथे पूर्ण भरात होती.

आज फड बऱ्याच ठिकाणी मोडकळीस आले आहेत. नदीच्या वरच्या भागात धरणे झाली, प्रवाहाचे गणित बदलले, शेतकऱ्याने स्वतःची विहीर खोदली, तीवर विजेचा पंप बसविला आणि पंचांच्या निर्णयाची त्याला गरज उरली नाही. पंपाने स्वातंत्र्य दिले यात शंका नाही. मात्र विहीर आटली की तो शेतकरी एकटा पडतो. सामुदायिक व्यवस्था मोडताना काय हातचे जाते, याची जाणीव तेव्हा होते.

बारीपाड्याचे जंगल

सामुदायिक नियम ही केवळ जुन्या काळाची गोष्ट नाही, हे साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी गावाने दाखवून दिले. १९९० च्या सुमारास या गावाभोवतीचे डोंगर उघडे पडले होते. विहिरी आटत, सरपणासाठी बायकांची पायपीट होई आणि उन्हाळ्यात कामासाठी गाव सोडणे हा अनेकांचा नेम झाला होता. वाणिज्य शाखेचे उच्च शिक्षण घेतलेल्या चैत्राम पवार यांनी नोकरीच्या मागे न जाता गावातच राहायचे ठरविले. वनवासी कल्याण आश्रमाच्या कार्यकर्त्यांची साथ मिळाली आणि गावाने जंगल राखण्याचा निश्चय केला.

निश्चयाला नियमांची जोड होती, म्हणूनच तो टिकला. झाड तोडणाऱ्याला दंड ठरला. राखणीसाठी माणसे नेमण्यात आली. जळाऊ लाकूड केव्हा आणि किती आणायचे, याचे बंधन गावाने स्वतःवर घालून घेतले. उतारांवर चर खणले गेले, नाल्यांवर दगडी बांध पडले, तेही श्रमदानातून. सुमारे साडेचारशे हेक्टर जंगल पुन्हा उभे राहिले. विहिरींना पाणी आले आणि स्थलांतर ओसरले. २००४ पासून गावात वनभाज्यांची स्पर्धा भरू लागली. रानातील पाला, कंद, फुले, शेंगा यांची ओळख आणि त्या रांधण्याचे ज्ञान असलेल्या महिला या स्पर्धेच्या मानकरी असतात. जे ज्ञान मागासलेपणाची खूण समजून पुढची पिढी विसरू लागली होती, ते पाहण्यासाठी शहरातील अभ्यासक गावात येऊ लागले. २०२५ मध्ये पवार यांना 'पद्मश्री' जाहीर झाली.

बारीपाडा हे लहान गाव आहे आणि लहान गावात जे साधते ते सर्वत्र साधेलच असे नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरीही एक गोष्ट तेथे स्पष्ट दिसते. गावाने आधी नियम केला, तो काही वर्षे पाळला आणि मग परिणाम दिसू लागला. आशा त्या परिणामातून वाढली. सुरुवातीला हाताशी होती ती फक्त चिकाटी.

त्याच साक्री तालुक्यात जगाच्या बदलाचे दुसरे रूपही दिसते. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी राहिली आणि शिवाजीनगर येथे 'महानिर्मिती'चा १२५ मेगावॉटचा सौरऊर्जा प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. जगाला स्वच्छ वीज हवी आहे आणि धुळ्याकडे वारा व ऊन दोन्ही मुबलक आहे. पण पवनचक्क्यांखालील जमिनीच्या हक्कावरून आदिवासींनी आंदोलनेही केली. बदल चांगल्या हेतूने आला तरी त्याचा लाभ कोणाला आणि झळ कोणाला, हा हिशेब मांडावाच लागतो.

शिरपूरचा प्रयोग आणि त्यावरील वाद

तापीकाठच्या शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांनी आमदार अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळाने जलसंधारणाचा वेगळा प्रयोग केला. तालुक्याच्या काही भागात काळा कातळ आहे, तर तापीच्या बाजूला गाळाचे जाड थर आहेत. या गाळातील पिवळी माती पाणी सहजी खाली झिरपू देत नाही. त्यामुळे पाऊस पडूनही खोलवरच्या थरांपर्यंत पाणी पोहोचत नाही. नाले रुंद व खोल करून त्यांवर सिमेंटचे साखळी बंधारे बांधणे आणि कालव्याचे जादा पाणी कोरड्या विहिरींत सोडणे, हा 'शिरपूर पॅटर्न'चा गाभा होता.

विहिरींची पातळी वाढल्याने त्याचा राज्यभर बोलबाला झाला. त्याबरोबर टीकाही झाली. नाला किती खोल करावा याला मर्यादा आहे, जमिनीच्या पोटातील पाण्याचा थर उघडा पडला तर लाभाऐवजी हानी होते आणि एका तालुक्याच्या भूस्तरासाठी आखलेली रीत दुसरीकडे डोळे मिटून वापरणे धोक्याचे, असे भूजलाच्या अभ्यासकांनी बजावले. २०१४ अखेरीस राज्यात 'जलयुक्त शिवार' अभियान आले तेव्हा नाला खोलीकरणावरील हीच चर्चा पुन्हा रंगली. पायाखालचा दगड कोणता, हे पाहूनच उपाय निवडायचा, हा शिरपूरचा खरा धडा. त्याची नक्कल करणाऱ्यांपैकी अनेकांनी नेमका तोच वगळला.

केळी : नफा आणि धास्ती

पूर्व खान्देशच्या समृद्धीचा कणा केळी. रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा या भागांत मृगबाग आणि कांदेबाग अशा दोन हंगामांत लागवड होते. एकेकाळी येथे बसराई जातीच्या कंदांची लागवड होत असे आणि घड हाती येण्यास दीड वर्षापर्यंत काळ जाई. १९९० च्या दशकात टिश्यूकल्चरची ग्रँड नैन जातीची रोपे आणि ठिबक सिंचन आले. पीक वर्षभराच्या आत कापणीला येऊ लागले, घडांचे वजन वाढले आणि परदेशी बाजाराचे दार किलकिले झाले. २०१६ मध्ये जळगाव केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही त्याच वर्षी हा मान लाभला.

या बदलाशी भवरलाल जैन यांचे नाव जोडलेले आहे. वाकोद या गावी १९३७ मध्ये जन्मलेल्या जैन यांनी १९६३ मध्ये रॉकेलच्या विक्रीपासून व्यवसाय सुरू केला. पुढे पपईपासून पपेन, मग पीव्हीसी पाइप आणि नंतर ठिबक असा प्रवास करीत त्यांनी जळगावला सिंचन तंत्रज्ञानाच्या जागतिक नकाशावर नेले. २००७ मध्ये त्यांच्या कंपनीने इस्राएलमधील नानदान या सिंचन कंपनीत निम्मा हिस्सा घेतला, तेव्हा ठिबकच्या माहेरघरीच जळगावचे पाऊल पडल्याचे कौतुक झाले. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर कंपनीवर कठीण काळ आला. २०१९ मध्ये कर्जाचे हप्ते थकले, २०२२ मध्ये कर्जाची फेररचना झाली आणि २०२३ मध्ये परदेशातील सिंचन व्यवसाय रिव्ह्युलिस या कंपनीत विलीन करून कर्जाचा भार हलका करण्यात आला. जगात विस्तार करण्याचे धाडस आणि वेळ येताच आवरते घेण्याचा निर्णय, दोन्हीही या शहराने पाहिले.

ठिबकमुळे एका झाडामागे पाणी वाचले. परंतु वाचलेल्या पाण्यावर आणखी बागा उभ्या राहिल्या आणि सातपुड्याच्या पायथ्याशी यावल-रावेर पट्ट्यात भूजल खोल खोल जात राहिले. तंत्र काटकसरीचे असले तरी एकूण उपशावर मर्यादा नसेल तर हिशेब जमत नाही. या पट्ट्यातील पुनर्भरणासाठी तापीच्या पाण्याचा महाकाय प्रकल्प उभारण्याबाबत मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात करार झाला. तो प्रत्यक्षात येईपर्यंत उपशाला आवर घालण्याचे काम बागायतदारांनाच करावे लागणार आहे.

दुसरी धास्ती रोगाची. गेल्या काही वर्षांत 'हरण्या' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विषाणूजन्य रोगाने अनेकांना नव्या बागा उपटून टाकाव्या लागल्या. त्याहून गंभीर संकट सीमेपलीकडे उभे आहे. मातीतून पसरणाऱ्या पनामा मर रोगाचा 'टीआर-४' हा प्रकार शेजारच्या बऱ्हाणपूर भागात आढळला आहे. या रोगावर रासायनिक औषध नाही आणि एकदा मातीत शिरलेली बुरशी वर्षानुवर्षे तेथे राहते. विसाव्या शतकाच्या मध्यास मध्य अमेरिकेतील ग्रोस मिशेल या जातीच्या बागा याच रोगाच्या आधीच्या प्रकाराने संपविल्या आणि तिच्या जागी कॅव्हेंडिश गटातील जाती आल्या. ग्रँड नैन याच गटातली. म्हणजे जगाने एकदा गिरविलेला धडा पुन्हा समोर आला आहे. खात्रीची रोपे, अवजारांची व पादत्राणांची स्वच्छता, एका बागेतील माती दुसरीकडे जाऊ न देणे आणि एकाच पिकावर सारी भिस्त न ठेवणे, हेच आजचे उपाय आहेत. यांपैकी एकही उपाय शेजाऱ्याच्या सहकार्याविना सफल होत नाही. फडाच्या पंचांची आठवण येथे पुन्हा होते.

अमळनेरच्या दोन गिरण्या

बदलात कोण टिकतो, याचे एक विलक्षण चित्र अमळनेरला पाहावयास मिळते. प्रतापशेठ यांनी उभारलेल्या प्रताप मिलने या गावाला रोजगार दिला. त्यांच्याच औदार्यातून तत्त्वज्ञान मंदिरासारखी संस्था उभी राहिली. पुढे कापड गिरण्यांचा काळ सरला आणि गिरणी बंद पडली. याच गावात १९४५ च्या अखेरीस महंमद हुसेन हशम प्रेमजी यांनी वनस्पती तूप तयार करणारी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली. १९६६ मध्ये वडिलांच्या निधनानंतर एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतील शिक्षण अर्धवट सोडून परतले. तुपाची कंपनी संगणकाकडे वळली आणि 'विप्रो' झाली. गावातील ज्या कुटुंबांनी तिचे शेअर न विकता जपून ठेवले, त्यांचे नशीब पालटले.

ही कथा सांगताना एक सावधगिरी हवी. शेअर सर्वांकडे नव्हते. गिरणी कामगाराच्या हाती नोकरी होती, ती गेली. भागधारकाच्या हाती मालकीचा तुकडा होता, तो वाढला. एकाच गावात, एकाच काळात, बदलाने दोघांना वेगळी वागणूक दिली. म्हणूनच 'धीर धरा' हा सल्ला देताना धीर धरण्याइतके साधन त्या माणसाकडे आहे का, हेही विचारावे लागते.

दुखरी जागा

समृद्धी आली म्हणजे समाज आपोआप सुधारतो, हा समज जळगाव जिल्ह्याने खोटा ठरविला. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ८८० होती, ती २०११ मध्ये ८४२ वर आली. राज्याची सरासरी त्या वेळी ८९४ होती. सोनोग्राफीचे यंत्र हेही आधुनिक तंत्रच; त्याचा गैरवापर याच काळात वाढला. त्या दशकात जन्मलेली मुले आज लग्नाच्या वयात आली आहेत आणि मुली मिळत नाहीत ही तक्रार गावोगावी ऐकू येते. शेती करणाऱ्या तरुणाची अडचण त्याहून मोठी, कारण मुलींनी शिक्षण घेतले आणि त्यांच्या अपेक्षा बदलल्या. हा बदल स्वागतार्हच आहे. मुलगी नकोशी म्हणणाऱ्या समाजाला तो आता आरसा दाखवीत आहे. दशकभराहून अधिक काळ नव्या जनगणनेची आकडेवारी उपलब्ध झालेली नाही. २०२७ च्या जनगणनेत या आकड्यात किती फरक पडला, हे कळेल.

हा तोच मुलूख आहे जेथे आसोदे गावात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांनी अक्षरओळख नसताना शेतात, घरात, जात्यावर काव्य रचले. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले. कवितासंग्रह १९५२ मध्ये, म्हणजे त्यांच्यामागे प्रसिद्ध झाला. त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी त्या रचना टिपून ठेवल्या नसत्या तर मराठी एका मोठ्या कवयित्रीला मुकली असती. १९९० मध्ये स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. ज्या स्त्रीला शाळा मिळाली नाही तिच्या नावाच्या विद्यापीठातून आज मुली पदव्या घेतात, ही या जिल्ह्याची बाजू ८४२ या आकड्याशेजारी ठेवूनच पाहावी लागते.

तुरुंगातले रविवार

वास्तव प्रतिकूल असताना माणसे काय करतात, याचे उत्तर धुळ्याच्या कारागृहाने १९३२ मध्ये दिले. सत्याग्रहींना तेथे डांबून ठेवण्यात आले होते. विनोबा भावे यांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले आणि अमळनेरच्या शाळेतील शिक्षकी सोडून चळवळीत उतरलेले साने गुरुजी ते लिहून घेत गेले. त्यातून 'गीता प्रवचने' हा ग्रंथ सिद्ध झाला. स्वातंत्र्य केव्हा मिळेल, हे त्या भिंतींआड कोणालाही ठाऊक नव्हते. पुढच्या रविवारी काय करायचे, हे मात्र ठरलेले होते. त्यानंतर चारच वर्षांनी, डिसेंबर १९३६ मध्ये, यावल तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले.

ही परंपरा आजही पूर्णपणे लोपलेली नाही. १९५२ नंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पुन्हा अमळनेरला भरले. जी अहिराणी बोलायला शहरात गेलेली मुले कधीकाळी लाजत, तिच्यातील गाणी आता मोबाइलवर सुरत आणि पुण्याच्या खोल्यांतून ऐकली जातात. गाव सुटले तरी बोली सुटत नाही. नव्या शहरात ओळखीचे माणूस शोधायला तिचाच उपयोग होतो.

पुढचा रस्ता

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटर लांबीच्या मनमाड-इंदूर रेल्वेमार्गास मंजुरी दिली. धुळेकरांनी या मार्गाची अनेक दशके वाट पाहिली. तो आला म्हणजे माल आणि माणसे दोन्ही वेगाने ये-जा करतील. १८६० च्या दशकात रेल्वेने कापूस नेला, त्याबरोबर बाजाराची अनिश्चितताही आणली. नव्या मार्गानेही दोन्ही येणार, हे गृहीत धरलेले बरे.

फड, बारीपाडा, केळीची बाग आणि अमळनेरची गिरणी यांचा एकत्रित विचार केला तर काही गोष्टी ठळकपणे दिसतात. ज्यांनी जोखीम वाटून घेतली, ते दुष्काळात तगले. ज्यांनी स्वतःवर मर्यादा घालून घेतली, त्यांच्या विहिरींना पाणी राहिले. ज्यांनी नवे तंत्र घेतले पण त्याच्या उपशाचा हिशेब ठेवला नाही, त्यांच्यापुढे नवे संकट उभे राहिले. आणि ज्यांच्या हाती नोकरीखेरीज काहीच नव्हते, त्यांना धीर देऊन भागले नाही. तरुणाला गावात राहण्यासाठी किंवा परत येण्यासाठी भावनिक आवाहन पुरणार नाही. पाण्याची खात्री, पिकाच्या विम्याची वेळेवर भरपाई, जवळचे चांगले महाविद्यालय आणि घरात मुलीला समान मान, एवढे जेथे असेल तेथे तो थांबेल. यातील काही गोष्टी सरकारच्या हाती आहेत, काही बाजाराच्या. उरलेल्या गावाने एकत्र बसून ठरवायच्या आहेत, आणि त्या कशा ठरवाव्यात याची रीत पांझरेच्या काठी निदान तीनशे वर्षांची आहे.